पाऊस उघडला, आता वेलांच्या आत डोकावून बघा

पाऊस थांबून ऊन पडायला लागलं की वेल एकदम जोर धरतात, बोगनवेल, मधुमालती, जाई-जुई, कृष्णकमळ, सगळ्यांना कोवळे शेंडे फुटतात आणि नेमकी तेव्हाच कीडही वाढायला लागते. इतके दिवस सरींनी मावा, लाल कोळी, पिठ्या ढेकणाची पिल्लं आपोआप धुतली जात होती, ते आता बंद झालं आणि वर कोवळा पाला तयार. त्यामुळे पुढचे पाच-सहा आठवडे आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक वेल नीट बघायचा. लांबून नाही, हात घालून.

झाडाभोवती फिरता येतं, पण वेल भिंतीला, जाळीला, मांडवाला चिकटलेला असतो, बाहेरून हिरवागार दिसतो आणि आतल्या बाजूला वाळलेली पानं, मेलेल्या काड्या, जुन्या सुतळ्या यांचा गच्च गोळा झालेला असतो, कीड तिथेच सुरू होते. बांधलेल्या सुतळीखाली, फांदी जाळीला घासते तिथे, पानाच्या देठाच्या बेचक्यात आणि पानाच्या मागच्या बाजूला बघा. तीन खुणा लांबूनही कळतात: पानं किंवा खालची फरशी चिकट लागणं, पानावर काजळी धरल्यासारखा काळा थर, आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा.

मुंग्या दिसल्या की त्यांच्या मागे मागे वर जा, जिथे त्या थांबतात तिथे मावा, खवले कीड नाहीतर पिठ्या ढेकूण सापडतोच. या रस शोषणाऱ्या किडी गोड चिकटा टाकतात, मुंग्या तो खातात आणि बदल्यात मित्रकीटकांना हुसकावून लावतात. म्हणून मुंग्या तशाच ठेवून कितीही फवारा, कीड परत येणार. खोडाला चिकटपट्टी गुंडाळा असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे, पण वेलाच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही कारण मुंग्या भिंतीवरून, तारेवरून, शेजारच्या कुंडीतून लोंबणाऱ्या फांदीवरून सुद्धा येतात. आधी जमिनीला आणि शेजारच्या झाडांना टेकलेले शेंडे कापा, मग आधाराच्या खांबांना आणि खोडाला, दोन्हीकडे पट्टी लावा, चिकट पदार्थ थेट सालीवर नको, खाली कागद गुंडाळून त्यावर.

आणि त्या काळ्या थरावर बुरशीनाशक मारत बसू नका प्लीज. ती बुरशी पानात शिरत नाही, फक्त चिकट्यावर वाढते, चिकटा थांबला की तीही थांबते. ओल्या फडक्याने पुसली किंवा साबणाच्या पाण्याने धुतली तरी निघते.

पहिलं काम छाटणी. औषध आतपर्यंत पोचलंच नाही तर उपयोग काय? आतलं वाळलेलं सगळं काढा, एकमेकांत गुंतलेल्या फांद्या विरळ करा, उजेड आणि वारा आरपार गेला पाहिजे. बोगनवेलीला नव्या फुटीवर फुलं येतात त्यामुळे तिची छाटणी करायला घाबरू नका, पण ज्या वेलावर आत्ता कळ्या धरल्यात त्याचं फक्त वाळलेलं आणि कीड लागलेलं काढा, मोठी छाटणी फुलं झाल्यावर. कापलेला कीडका पाला कंपोस्टमध्ये टाकू नका किंवा वेलाखाली ढीग करून ठेवू नका, पिल्लं चालत परत वर जातात, पिशवीत घट्ट बांधून बाहेर काढा.

छाटून झालं की पाणी. पाइपने जरा जोरात, पण कोवळे शेंडे मोडणार नाहीत असं, खालून वर, पानांच्या मागच्या बाजूवर मारायचं, सकाळी, म्हणजे ऊन चढेपर्यंत पानं सुकतात. तीन-चार दिवसांच्या अंतराने असं दोन-तीनदा केलं तर मावा बराचसा जातो, आणि माव्यासाठी लोक यापेक्षा कितीतरी जहाल औषधं वापरतात याचं मला खरंच वाईट वाटतं. माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिल्लं देते, उबदार हवेत ती पिल्लं साधारण आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात, त्यामुळे एकदा धुऊन सोडून दिलं असं चालत नाही.

आता पिठ्या ढेकूण, सगळ्यात चिवट हाच. अंगावर मेणाचा पांढरा थर असतो त्यामुळे नुसतं पाणी किंवा पातळ औषध वरून ओघळून जातं, आणि मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते, तीही सुरक्षित राहतात. थोडा असेल तर कापसाचा बोळा 70 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेका पुंजक्याला लावा. जास्त असेल तर बागेसाठी मिळतो तो पोटॅशियमचा साबण लिटरला 10 ते 20 मिली, पण डब्यावर प्रमाण वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा. कपड्यांचा डिटर्जंट वापरू नका, पानं करपतात. साबण ओला असेपर्यंतच काम करतो आणि किडीच्या अंगावर पडला तरच, म्हणून निथळेपर्यंत भिजवायचं. पाणी जड असेल तर साबण फाटतो, मऊ पाणी घ्या.

नीमतेल लिटरला 5 मिली, आधी तेवढ्या तेलात थोडा साबण घोटून मग कोमट पाणी हळूहळू घालायचं, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटचा पंप नुसत्या तेलाचा जातो. नीमचा घटक उन्हात लवकर निकामी होतो आणि तेलाने भर उन्हात पानं भाजतात, दोन्हीसाठी संध्याकाळच बरी. तापमान 32 अंशांच्या वर असेल तर तेल मारूच नका. उघड्या फुलांवर मारायचं टाळा, बोगनवेलीच्या रंगीत पानांवर डाग पडतात. आणि लगेच किडे मेलेले दिसले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी डबल डोस देऊ नका, नीमने कीड खाणं कमी करते, तिची कात टाकणं बिघडतं, त्याला वेळ लागतो. दर 7 ते 10 दिवसांनी, कमीत कमी तीन वेळा, कारण अंड्यातून नवी पिल्लं निघत राहतात. पहिल्यांदा मारताना दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबा.

खवले कीड फांदीवर तपकिरी टिकल्यांसारखी बसलेली असते, जुन्या टूथब्रशने घासून काढा, कवच असलेल्या मोठ्या किडीवर फवारणीचा फार परिणाम होत नाही, पिल्लं फिरत असताना होतो.

लाल कोळी हा मुळात कीटकच नाही, आठ पायांचा जीव आहे, म्हणून बरीच कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे जीव मरतात आणि तो जास्त वाढतो. पानं फिकट, टाचणीने टोचल्यासारखी दिसली तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका, ठिपके चालायला लागले तर कोळी. भिंत तापते तिथे पहिला येतो. पाण्याने धुणं आणि पानांच्या मागून साबण, यावर भर द्या. गंधक मारणार असाल तर तेलाच्या फवारणीपासून किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि कडक उन्हाच्या दिवसांत नकोच.

जाई-जुईच्या पानावर, कोवळ्या काडीवर पांढरट लोकरीसारखी लव दिसली तर ती पिठ्या ढेकूण समजू नका. नखाने खरवडून बघा, आत किडा दिसत नाही आणि लव पानातूनच उगवलेली असते, हे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका सूक्ष्म कोळ्याचं काम. तेवढे शेंडे कापून टाकणं हाच चांगला उपाय.

कृष्णकमळावर काटेरी अळ्या दिसल्या तर जरा थांबा. त्या बहुतेक फुलपाखराच्या असतात, एकदोन फांद्या खाल्ल्या तरी जोमदार वेल परत फुटतो. रोप लहान असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या वेलावर सोडा. बाकी वेलांवर रात्री पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात तेव्हा टॉर्च घेऊन बघा, उंटअळ्या सापडतील, लहान असताना बीटी (अळ्यांवर चालणारं, जिवाणूपासून बनवलेलं औषध) चांगलं चालतं, मोठ्या झाल्यावर हातानेच वेचा.

पांढरं दिसलं की मारा असंही करू नका. क्रिप्टोलेमस नावाचा मूळचा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा आहे, त्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे धागे घेऊन फिरते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, पण आकाराने मोठी आणि चांगली भराभर चालते. ती पिठ्या ढेकूणच खाते. ती दिसली की फवारणी थांबवा.

इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध कुंडीत ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. फुलणाऱ्या वेलाला ते देऊ नका, कळकळीने सांगतो. ते मुळातून वर चढून मधात आणि परागात उतरतं आणि मधमाश्यांना बाधतं, युरोपियन युनियनने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसकट तीन निओनिकोटिनॉइड औषधांचा उघड्यावरचा वापर याच कारणाने बंद केला. युरिया किंवा नत्राचं खतही या दिवसांत हात राखून द्या, जितका लुसलुशीत पाला तितका मावा.

उंच मांडवावर खालून फवारताना सगळं अंगावर निथळतं, म्हणून गॉगल, मास्क, पूर्ण बाह्या, साबण किंवा नीम असलं तरीही. खिडक्या बंद, पाण्याच्या टाकीला झाकण, वारा पडलेला असताना.

नवीन वेल आणला की तो जुन्यांच्या शेजारी लगेच ठेवू नका. दोन-तीन आठवडे लांब ठेवून, बांधलेल्या दोऱ्या सोडून, बेचकी आणि कुंडीच्या खालची भोकं तपासा, मुळांतही पिठ्या ढेकूण असतो, काहीच निघालं नाही की मग जागेवर लावा.