व्हायटलमध्ये टीबी-३०३ चा स्लाइड असा जमला

संगीतकार चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या रागांच्या रेकॉर्डवर टीबी-३०३ या रोलँडच्या बेस सिंथेसायझरचा जो घसरता बेस आहे, तो मला व्हायटल या संगणकावरच्या सिंथेसायझरमध्ये हवा होता. ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लावला की सगळेच सूर लोळायचे, काढला की सगळेच तुटक. रेझोनन्स वाढवला, डिस्टॉर्शन लावलं, प्रीसेट धुंडाळले. नेरुळच्या घरी तीन रात्री जागून रडकुंडीला आलो.

गडबड सुरांच्या लांबीत निघाली. आधी व्हॉइसेस १ करा. लेगाटो चालू, ऑल्वेज ग्लाइड आणि ऑक्टेव्ह स्केल बंद. ग्लाइड ०.०६ सेकंद. एकच सॉ ऑसिलेटर, युनिसन नको. २४ डीबीचा लॅडर लो-पास फिल्टर, कटऑफ खाली. कटऑफला जोडलेल्या एन्व्हलपला (सूर वाजताना कटऑफ कसा चढतो-उतरतो ते हाच ठरवतो) सस्टेन शून्य, डिके ०.२ सेकंदाच्या आसपास.

आता पियानो रोल, म्हणजे सूर पट्ट्यांसारखे मांडायची खिडकी. सगळे सोळांश सूर अर्ध्या लांबीचे करा. जिथे घसरण हवी, फक्त तोच सूर पुढच्या सुरावर किंचित चढेल इतका ताणा. लेगाटोमुळे तिथे एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही, आणि ३०३ ची मींड नेमकी त्यातच आहे! ॲक्सेंटसाठी, म्हणजे काही सूर ठासून वाजायला, शेवटी व्हेलॉसिटी (सुरावरचा जोर) कटऑफला जोडा.