प्रथिनांच्या रचनेत पोट्टे हमखास चुकतात ते इथे

नागपुरात सीताबर्डीला शिकवणी घेतो. अंडं उकडल्यावर काय तुटतं, असं विचारलं की प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं, ‘पेप्टाइड बंध, सर!’ म्हणजे अमिनो आम्लं एकमेकांना जोडून प्रथिनाची साखळी करणारे बंध. चूक!

मागे एक पोट्टा यावर अडूनच बसला. म्हटलं, डब्यात अंडं आहे ना तुझ्या, काढ. पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा परीक्षानळीत टाकला, त्यावर सोडियम हायड्रॉक्साइड, मग कॉपर सल्फेटचे दोन-चार थेंब. थोड्या वेळाने तुकडा जांभळा दिसायला लागला. बाययुरेट चाचणीत हा रंग पेप्टाइड बंधांमुळेच येतो.

‘पण काहून आला, सर?’

अरे, बंध शाबूत आहेत म्हणून! उकडल्यावर विस्कटते ती घडी, म्हणजे सेकंडरी (साखळीचे जागोजागचे वेढे-घड्या) आणि टर्शरी (अख्ख्या साखळीची घडी) रचना. क्वाटर्नरी, म्हणजे अनेक साखळ्यांची जुळणी, असेल तर तीही. अमिनो आम्लांची साखळी तशीच राहते. ती तोडायला प्रयोगशाळेत ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास ठेवतात. आपल्या मे महिन्यालाही ते जमायचं नाही.

दुसरं दुखणं अल्फा हेलिक्सचं, म्हणजे साखळीच्या स्प्रिंगसारख्या वेढ्याचं. आकृतीत हायड्रोजन बंध सरळ आर गटांमध्ये, म्हणजे अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्यांमध्ये, काढून मोकळे होतात. आर गट बाहेर असतात हो! बंध साखळीच्या कण्यातले: एका अमिनो आम्लाच्या कार्बोनिलचा ऑक्सिजन आणि तिथून पुढच्या चौथ्याचा एनएच. मी अजूनही वहीच्या कागदाची पट्टी कापतो, १ ते ८ आकडे टाकतो आणि एका वेढ्यात साधारण साडेतीन आकडे बसतील अशी पेन्सिलीला गुंडाळतो. खरा आकडा ३.६. १ च्या जवळपास डोक्यावर ५ येतो. ‘सर, शॉर्ट नोट्स द्या ना,’ म्हणतात. नाही देत. पट्टीला दोन मिनिटं लागतात.

क्वाटर्नरी प्रत्येक प्रथिनाला नसते. स्नायूंतलं मायोग्लोबिन १५३ अमिनो आम्लांची एकच साखळी, विषय संपला. हिमोग्लोबिनमध्ये चार.

डायसल्फाइड, म्हणजे दोन सल्फर अणूंमधला बंध, दिसला की डोळे मिटून ‘एकाच साखळीतली घडी’ लिहू नका. इन्सुलिनमधल्या तिनांपैकी दोन बंध दोन साखळ्यांना जोडतात.

आणि ‘प्रायमरी (अमिनो आम्लांचा क्रम) म्हणजे नुसती यादी’ म्हणणाऱ्यांनो, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आठवा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन, एवढाच फरक. विदर्भात हे उदाहरण पाठ करून घ्यावं लागत नाही. प्रत्येक बॅचमध्ये कुणाच्या तरी घरी तपासणीचं कार्ड असतंच.