ऐनवेळी ठरलेली डोंगरवारी, तीही कुत्र्यांना घेऊन: एका दिवसात कशी करावी

बूट हातात घेतले की कुत्री दारात जाऊन बसतात. 'आज नको' असं ती कधीच म्हणत नाहीत. उन्हाने जीव कासावीस झाला, पाय सोलवटले, तरी कुत्रं आपल्या माणसामागे चालतच राहतं. म्हणून थांबायचं कधी आणि परत फिरायचं कधी, हे त्याच्या वतीने आपणच ठरवायचं. बेत अर्ध्या तासात ठरला असेल, तर हे आणखीच महत्त्वाचं.

पहिलं काम: कोण येणार ते ठरवा

वर्षाच्या आतलं पिल्लू घरीच राहू द्या. मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला दीड वर्षही लागतं, तोवर लांबची चढण नको. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंग नीट गार करता येत नाही, त्यामुळे उन्हाच्या दिवशी त्यांना नेऊच नये. रोज अर्धा तास फिरणाऱ्या कुत्र्याला एकदम दिवसभर चालवू नका. दोन कुत्री असतील तर चाल ठरते ती थकणाऱ्याची.

आणखी एक परीक्षा घरीच घ्या. कुत्र्याला उचलून शंभर पावलं चालून बघा. वाटेत पाय मुरगळला तर त्याला खाली कसं आणायचं, हे तिथेच कळेल. जमत नसेल तर सोबत दुसरं माणूस हवंच.

वेळेचा हिशोब

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला ठोकताळा आजही कामाचा आहे: ५ किलोमीटरला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. जाऊन-येऊन ८ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर अडीच तासांच्या वर जातात. कुत्री सोबत असली की थांबणं, पाणी पाजणं, हुंगणं आलंच. मी सरळ चार तास धरते. परत फिरायची वेळ आधीच ठरवा आणि घरी कुणाला तरी सांगून निघा. कुत्र्यांना त्या वाटेवर परवानगी आहे का, तेही बघून घ्या.

'वर गार असेल' या भरवशावर उशिरा निघू नका. १००० मीटर वर गेल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ४०० मीटरच्या डोंगरावर फरक पडतो तो जेमतेम अडीच अंशांचा. उजाडताच निघालेलं सगळ्यात बरं.

सॅकमध्ये काय

कुत्र्याचं जेवण निघण्याच्या दोन तास तरी आधी उरकलेलं असावं. भरल्या पोटी पळापळ झाली तर मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळवटण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला लिटरभर पाणी लागतं. मी डोंगरावर प्रत्येकामागे दीड लिटर नेते. साचलेलं डबकं पिऊ देत नाही, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. बाकी घडीचं भांडं, बँडेज, चिमटा, शी उचलायच्या पिशव्या आणि एक जुना मोजा. पंजा कापला तर बँडेजवर तोच चढवायचा. आपल्या खाऊतले मनुके आणि चॉकलेट मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, दोन्ही त्याला विषारी आहेत.

वाटेवर

कातळ तापला असेल तर हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर पंजांनाही बसणार. पट्टा गळ्याला लावण्यापेक्षा हार्नेसला लावा आणि हाताभोवती गुंडाळू नका. कुत्र्याने हिसका दिला तर उतारावर तोल जातो. गुरं किंवा पक्षी दिसले, तर कितीही शहाणं कुत्रं असलं तरी पट्टा सोडायचा नाही.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी सावलीत थांबा आणि जीभ बघा. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांतून, बाकी सगळी मदार धापांवर. आमची काळी एकदा माथा समोर दिसत असताना झुडपाखाली शिरली, पुढच्या पायांनी वरची तापलेली माती उकरली आणि खालच्या गार मातीवर पोट टेकून पसरली. जीभ टोकाशी चमच्यासारखी रुंद झालेली. तिने आपल्या परीने सांगून टाकलं होतं. आम्ही तासभर तिथेच बसलो आणि तिथूनच उतरलो.

जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल डगमगती झाली, तर तो उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी होऊ लागतात. सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, पोट आणि जांघा भिजवा, वारा घाला. आधी गार करा, मग डॉक्टरांकडे धावा.

साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून आणा.

उतरताना आणि घरी

घसाऱ्यावर पंजे सोलवटतात ते उतरतानाच. मध्ये दोनदा तरी पंजे उलटून बोटांच्या बेचक्यात अडकलेले खडे, काटे काढा. घरी आल्यावर कान, बेचक्या, जांघा आणि पट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपा. गोचीड लागली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रं उठताना बघा. लंगडत असेल किंवा पंजा सारखा चाटत असेल, तर आठवडाभर डोंगर बंद.