वजन उतरल्यावर ब्रेस्ट लिफ्ट करताय? या चुका टाळा

चौतीस किलो उतरवल्यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मला विचारलं, "कसं केलंस गं?" आंघोळ करताना ओघळलेल्या छातीकडे बघून काय वाटतं, ते मात्र कुणी विचारलं नाही. पुढे मी ब्रेस्ट लिफ्ट करून घेतली आणि मला तिचं समाधान आहे. पण सुरुवातीला माझं बरंच चुकत होतं.

काटा हलत असताना तारीख घेणं

गौरी-गणपतीच्या आधी सगळं उरकायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. सर्जननी एकच विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत वजन किती हललं?" सात किलो उतरलं होतं. त्यांनी मला परत पाठवलं. तेव्हा राग आला, आज बरं वाटतं. या शस्त्रक्रियेत जादा कातडी काढून उरलेली घट्ट शिवतात. नंतर आणखी वजन उतरलं तर तीच कातडी पुन्हा सैल पडते, वाढलं तर ताणते. म्हणून निदान सहा महिने वजन एका जागी राहू द्या. बॅरिअॅट्रिक (वजन उतरवायचं पोटाचं) ऑपरेशन झालं असेल तर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या. बाळंतपणात आकार पुन्हा बदलतो, आणि लिफ्टनंतर अंगावर पाजायला अडचण येऊ शकते.

थांबायच्या काळात मी कोल्हापुरात रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, जोरही काढले. आपलं तालमींचं गाव, व्यायामावर विश्वास असणारच. पण स्तनात स्नायू नसतो. जोर काढून खालचा छातीचा स्नायू घट्ट होतो, वरची कातडी तशीच राहते.

मिश्री लपवणं

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. डॉक्टर विचारतात, "सिगारेट, तंबाखू?" आपण "छे" म्हणतो, आणि सकाळी मिश्री लावूनच आलेलो असतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. लिफ्टमध्ये स्तनाग्र वर सरकवतात, तेव्हा त्याला रक्त पोहोचवणारी वाट आधीच अरुंद झालेली असते. रक्त कमी पडलं तर जखम उघडते, कातडी काळी पडते, क्वचित स्तनाग्रही जातं. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी डॉक्टरांना "मिश्री लावते" असं स्पष्ट सांगा.

वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर तेही भूलतज्ज्ञांना सांगा. त्या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामं होतं, आणि भूल देताना त्याचा धोका असतो.

अशक्त अंगाने टेबलावर जाणं

कमी खाऊन वजन उतरलेलं असतं. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, प्रथिनं तपासून घ्या. प्रथिनं कमी असली की टाके भरायला वेळ लागतो. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे एका अंड्यावर भागत नाही. नवरात्राचे उपास सोडून लगेच ऑपरेशनला जाऊ नका.

भरलेपणाची अपेक्षा

ब्लाउजला टक्स मारला की आकार येतो, कापड वाढत नाही. लिफ्टचंही तसंच. वरचा भाग भरलेला हवा असेल तर इम्प्लांट किंवा स्वतःची चरबी भरणं, हा वेगळा विषय आहे. तो आधीच बोलून घ्या. फार वजन उतरलेल्या बाईला बहुधा जहाजाच्या नांगराच्या आकाराची चीर लागते: स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत. व्रण काही महिने लाल राहतात, फिकट होतात, पण पुसले जात नाहीत. स्तनाग्राची जाणीवही कमी होऊ शकते.

सर्जन एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी झालेले आहेत ना, हे विचारायला लाजू नका. चाळिशी ओलांडली असेल तर आधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे). विमा बहुतेक मिळत नाही.

घरी आल्यावर

चार ते सहा आठवडे पाण्याची घागर, सिलिंडर, कडेवर लेकरू, काही उचलायचं नाही. सपोर्ट ब्रा सांगितली तितके दिवस घाला. एकच बाजू अचानक सुजली, ताप आला, जखमेतून पू आला किंवा स्तनाग्र काळं-निळं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटलला फोन करा. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर फोनवरही वेळ घालवू नका, थेट इमर्जन्सीत जा.