पंगत: बसवायची कशी, वाढायची कशी

एखाद्या गावाची रीत बघायची तर पंगतीत बघावी. आचाऱ्याचा हात कितीही चांगला असो, बसवण्यात नाही तर वाढण्यात चूक झाली की माणूस दुखावून उठतो, आणि ते वर्षानुवर्षं निघत राहतं.

सुरुवात आवतनापासून. चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांना आवतन आहे की घरटी एक, हे दारात उभं राहूनच स्पष्ट सांगा. स्वयंपाक झाला की ‘चाला जेवाले’ म्हणून दुसरं बोलावणं गेलंच पाहिजे, त्याशिवाय अनेक घरं येत नाहीत. सरपंचाच्या घरी माणूस जातो आणि वस्तीच्या टोकाला नुसता व्हॉट्सॲपवर निरोप, असं करू नका. माणूस पाठवायचा तर सगळीकडेच पाठवा.

बसायला माणशी दोन फूट जागा धरा. समोरासमोरच्या दोन रांगांत पत्रावळींमध्ये चार फूट वाट सोडा. यापेक्षा कमी असली की वाढप्याचा पाय पत्रावळीवर पडतो. चपला मंडपाबाहेर. पळसाच्या पत्रावळी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि वरणासाठी द्रोण वेगळा ठेवा. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे.

पन्नास पानांना आठ वाढपी पुरतात: सहा जण पदार्थांना, दोघं पाण्याला. वाढप्याने हात धुऊन यावं आणि शेवटपर्यंत आपलाच पदार्थ वाढावा. मीठ वर मधोमध, चटणी-लिंबू डावीकडे, आलू-वांग्याची भाजी उजवीकडे. मग पोळी, गोड, भात आणि सर्वांत शेवटी वरण. वरण आधी आलं तर भात येईपर्यंत निवतं. उशिरा आलं तर लोक कोरडा भात समोर घेऊन बसून राहतात. पळी पत्रावळीला टेकवू नका, कोणाच्या डोक्यावरून वाढू नका. पहिल्यांदा थोडंच वाढा. पोळी असताना शंभर माणसांना आठ किलो तांदूळ आणि चार किलो तूरडाळ पुरते. कमी पडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत ढीग वाढल्यामुळे, आणि तोच ढीग पुढे उष्ट्यात जातो.

आग्रह एकदाच. ‘घेता का मामाजी?’ विचारावं, पत्रावळीवर हात आडवा आला की पुढं जावं. जेवणाऱ्यानेही शेजारचे जेवत असताना उठू नये. निघणं भागच असेल तर दोन्हीकडच्यांना विचारून उठावं.

सगळ्यात मोठा दोष पंक्तिप्रपंचाचा, आणि तो फार जुना आहे. श्राद्धाच्या पंगतीत कोण चालतो आणि कोण चालत नाही, याच्या याद्या मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. गावोगावी जातीप्रमाणे वेगळ्या पंगती बसत आणि काहींना तर लांबूनच अन्न मिळे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा जन्मभर या भेदाविरुद्ध बोलले. संविधानाच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, 1955 च्या कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं. तरी आजही कुठे एखाद्या वस्तीची पंगत मागून बसते, तर कुठे तूप-जिलेबीचा दुसरा हात फक्त मानकऱ्यांच्या टोकाला फिरतो. आपल्या मंडपात हे होणार असेल तर वाढायला सुरुवात व्हायच्या आधीच थांबवा.

त्यासाठी करायचं ते असं. येईल तो येईल त्या जागी बसेल, मानाच्या राखीव जागा ठेवायच्या नाहीत. फक्त म्हाताऱ्यांना आणि लहान लेकरांना पहिल्या पंगतीत घ्या. प्रत्येक फेरी आलटून पालटून उलट्या टोकाकडून सुरू करा, म्हणजे कायम शेवटच्यांच्याच वाट्याला उरलंसुरलं येत नाही. वरणाचं घट्ट तळाशी बसतं, म्हणून दर चार-पाच पानांनंतर पळीने खालून ढवळा. नाहीतर पहिल्यांना पाणी मिळतं आणि शेवटच्यांना गोळा. गोड मोजून द्या, सगळ्यांना सारखं.

बाया सगळ्यात शेवटी, निवलेलं जेवतात, ही रीतही मोडा. पहिल्याच पंगतीत एक रांग त्यांची ठेवा आणि वाढायला पुरुषांना लावा.

एका पंगतीला अर्धा तास धरा. सगळे उठल्यावरच पत्रावळी उचला, झाडून घ्या, मगच पुढची बसवा. पत्रावळी उकिरड्यात टाका, खत होतं. आचारी, पाणके आणि उष्टं उचलणारे यांचा वाटा आधीच झाकून ठेवा, आणि शेवटी त्यांनाही पंगतीत बसवून वाढा.