पीसीबी कोरणारं छोटं मिलिंग मशीन: खुल्या आराखड्यावरून स्वतः बांधताना

पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग सोल्डर करायचा सर्किट बोर्ड. तो ज्या कोऱ्या बोर्डातून करतात त्या कॉपर क्लॅडवर तांब्याचा थर असतो साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिमी. पीसीबी कोरणाऱ्या मशीनने ट्रॅकच्या (तांब्याच्या वाहक रेषांच्या) कडेचा एवढा थर खरवडून काढायचा आणि खालच्या बोर्डात गरजेपेक्षा जास्त शिरायचं नाही. बास. हे ज्या मशीनला बोर्डाच्या चारही कोपऱ्यांत सारखं जमतं ते मशीन चांगलं.

मी कोल्हापुरात एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते. तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडचे ट्रे आणि बेसिनवर न निघणारे डाग मुलांच्या वाट्याला यायला नकोत, म्हणून अशी मशीन बांधायला लागले. वडिलांचं लेथचं शेड शिवाजी उद्यमनगरात, त्यामुळे सोल्डरिंग गनच्या आधी डायल गेज (काट्यावर बारीक फरक दाखवणारं मापक) हातात आला. म्हणून इथे वायरिंगपेक्षा फ्रेम, टेबल आणि स्पिंडलवर (कटर फिरवणाऱ्या मोटरवर) जास्त लिहिणार आहे. बोर्ड बिघडतात ते बहुतेक तिथेच.

आधी थोडं गणित

कोरायला वापरतात तो व्ही-बिट, म्हणजे टोकाकडे निमुळतं होणारं कटर. ३० अंशांचा, टोक ०.१ मिमी, असा बिट घ्या. ०.०५ मिमी खोल गेला तर काप ०.१३ मिमी रुंद पडतो, ०.१ खोल गेला तर ०.१५ आणि ०.२ खोल गेला तर ०.२१. तोच बिट ६० अंशांचा असेल तर ०.२ खोलीला काप ०.३३ मिमी होतो. थोडक्यात, बोर्ड एका कोपऱ्यात ०.२ मिमीने वर असेल तर तिथले ट्रॅक दोन्ही बाजूंनी खाल्ले जातात आणि समोरच्या कोपऱ्यात बिट तांब्याला टेकतसुद्धा नाही. मोटर कितीही ताकदीची लावा, हे तिला सुधारता येणार नाही.

आराखडा आणि आकार

खुले आराखडे भरपूर आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या सेंटर फॉर बिट्स अँड अ‍ॅटम्समधून आलेलं एमटीएम स्नॅप मशीन जाड एचडीपीई प्लास्टिकच्या शीटमधून कापलेले भाग एकमेकांत अडकवून उभं राहतं. त्याच संस्थेच्या फॅब लॅबच्या (वस्तू स्वतः बनवायच्या कार्यशाळेच्या) कल्पनेतून २००२ मध्ये पाबळच्या विज्ञान आश्रमात लॅब सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. म्हणजे हा विषय आपल्याकडेही काही आजचा नाही. बाजारात सर्रास मिळणारी मांडणी ३०१८ या नावाने ओळखली जाते: ३०० बाय १८० मिमीचं टेबल, स्पिंडल धरणारा वरचा पूल पक्का आणि टेबल मागेपुढे जाणारं.

ही पक्क्या पुलाची मांडणी मला पटते. आकार मात्र कमी करा. आपले नव्वद टक्के बोर्ड १५० बाय १०० मिमीत बसतात. तुळईची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच भाराला तिचा बाक आठपट होतो. «पुढेमागे लाकूडही कोरू» म्हणून मोठं मशीन बांधलं, की पीसीबीसाठी ते कायमचं लेचंपेचं राहतं.

फ्रेम आणि टेबल

२० बाय ४० मिमीचं अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रूजन (खाचा असलेली तयार पट्टी) पुरतं. पण चॉपसॉवर कापलेलं टोक काटकोनात असेलच असं नाही, म्हणून सगळी टोकं जॉबवर्कवाल्याकडून मिलिंगवर फेस, म्हणजे कापून सपाट, करून घ्या. समान लांबीच्या जोड्या एकत्रच क्लॅम्प करायला सांगा, म्हणजे दोन्हींची लांबी तंतोतंत जुळते. जोडणी सपाट जागेवरच करायची. सरफेस प्लेट नसेल तर ओट्याच्या ग्रॅनाइटचा पॉलिश केलेला तुकडा घ्या. फ्रेम त्यावर ठेवून चारही कोपऱ्यांखाली ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. एका कोपऱ्याखाली शिरला तर बोल्ट सैल करा, फ्रेम दाबून बसवा आणि पुन्हा आवळा.

सरकण्यासाठी शक्य असेल तर १२ मिमीच्या लिनियर रेल घ्या, गोल रॉड नकोत. पहिली रेल सरळ लावून पूर्ण आवळायची. दुसरी नुसती अडकवायची, गाडी (रेलवर सरकणारा भाग) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने सरकवत न्यायची आणि ती जिथे पोचेल तिथला स्क्रू आवळत जायचं. गाडी कुठेही जड लागता कामा नये.

टेबलासाठी बरेच जण एमडीएफ सुचवतात. आपल्या पावसाळ्यात ते ओल धरतं आणि फुगतं. मी १० किंवा १२ मिमीचं हायलम (राळेत दाबून केलेली कडक फळी) वापरते. ते हलत नाही आणि त्याच्यावर कटर मारून फेसही करता येतं.

अक्ष सरकवणारा स्क्रू टी-८, पण घेताना लीड (एका फेरीत नट सरकतो ते अंतर) विचारा. ८ मिमी लीडचा स्क्रू वेगवान असतो, मात्र वीज गेली की स्पिंडलच्या वजनाने झेड अक्ष (वर-खाली जाणारा) खाली घसरू शकतो आणि नवा बिट टेबलात रुततो. २ मिमी लीडचा स्क्रू जागचा हलत नाही. मी तिन्ही अक्षांना तोच लावते. नट पितळी, स्प्रिंगचा ताण असलेला. बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) डायलवर बघायचा: अक्ष १ मिमी पुढे, मग १ मिमी मागे, काटा शून्यावर परत यायला हवा. ०.०३ चा फरक चालतो, त्याच्यावर नाही.

स्पिंडल

५२ मिमी व्यासाचा, ईआर-११ कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिट आवळून धरणारी चिरा असलेली नळी), मिनिटाला १२,००० फेऱ्यांचा डीसी स्पिंडल या कामाला योग्य. पीसीबीच्या बिटांची शँक (दांडा) एक सूत, म्हणजे ३.१७५ मिमी. कॉलेटही त्याच मापाचं हवं, ३ मिमीचं नाही.

कॉलेट बसवायची एक रीत आहे आणि ती मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावी लागते. कॉलेट आधी नटात तिरपं धरून टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचं, मग नट स्पिंडलवर चढवायचा. कॉलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर ते वाकडं बसतं, आणि पुढे बिट काढताना निघतही नाही. मग बिटाच्या शँकवर डायल टेकवून स्पिंडल हाताने हळू फिरवा. ०.०२ पर्यंत रनआउट (फिरताना बिटाचं डोलणं) उत्तम. ०.०५ दिसलं तर काप साधारण तेवढाच जास्त रुंद पडणार, शिवाय ०.८ चे ड्रिल मोडत राहणार. कॉलेटच्या आतली धूळ पुसून पुन्हा बघा, बहुतेक वेळा काटा खाली येतो.

इलेक्ट्रॉनिक्स

हा भाग सोपा. अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यावर बसणारं सीएनसी शील्ड, मोटरींना करंट देणारे तीन ए४९८८ ड्रायव्हर, तीन नेमा-१७ स्टेपर मोटरी आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा). फर्मवेअर (कंट्रोलरमधला प्रोग्रॅम) जीआरबीएल: २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी सुरू केलेला खुला प्रकल्प. अर्डुइनोच्या एवढ्याशा चिपवर तो तीन अक्ष सांभाळतो, याचं मला आजही कौतुक आहे.

ड्रायव्हरचा करंट लावताना बोर्डावरचे दोन छोटे रेझिस्टर भिंगाखाली वाचा. आर१०० असेल तर १ अँपियरसाठी रेफरन्स व्होल्टेज ०.८ व्होल्ट ठेवायचं, आर०५० असेल तर ०.४. न वाचता लावलं तर मोटरला दुप्पट किंवा निम्मा करंट मिळतो. वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जागीच जातो. आणि शील्डच्या तिसऱ्या आवृत्तीवर झेड लिमिट (झेडची हद्द कळवणारा स्विच) आणि स्पिंडल एनेबल (स्पिंडल चालू-बंद करणारी पिन) यांची छपाई जुन्या जीआरबीएलप्रमाणे आहे. नव्यात त्या दोन पिनांची अदलाबदल झाली, तेव्हा झेडचा लिमिट स्विच स्पिंडल एनेबलच्या पिनांवर जोडा.

१६ मायक्रोस्टेप (मोटरची एक पायरी १६ भागांत) आणि २ मिमी लीड असेल तर एका फेरीच्या २०० पायऱ्या गुणिले १६ भागिले २, म्हणजे मिमीला १६०० स्टेप. हा आकडा जीआरबीएलच्या डॉलर १००, १०१ आणि १०२ या तिन्ही सेटिंगांत टाका. वेग मिनिटाला १००० मिमीच्या आत ठेवा, कारण जीआरबीएल सेकंदाला ३०,००० स्टेपच्या आसपास दमतो. मुख्य पुरवठ्यावर हाताशी येईल असा लाल इमर्जन्सी स्विच हवाच. पोरं मशीनवर वाकून बघत असतात.

काटकोन, मग फेसिंग

स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का, हे बघायला कॉलेटमध्ये एक वाकवलेली सळई धरा, तिच्या टोकाला डायल लावा आणि वायर काढलेला स्पिंडल हाताने पूर्ण फिरवा. १०० मिमीच्या वर्तुळात ०.०२ चा फरक चांगला. जास्त आला तर स्पिंडलच्या ब्रॅकेटखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला.

त्यानंतरच ६ मिमीच्या एंड मिलने (सपाट तोंडाच्या कटरने) हायलमवर ०.१ मिमीचा एक हात मारून घ्या. पूर्ण झाल्यावर नख आडवं फिरवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये नख अडकलं तर स्पिंडल अजून कलता आहे, आणि पायरी कोणत्या बाजूला चढते त्यावरून कल कुठे तेही कळतं. हा हात मारला की टेबल मशीनच्या स्वतःच्या चालीशी समांतर होतं.

बोर्ड कोरताना

कीकॅडमध्ये (बोर्ड आखायचा प्रोग्रॅम) ट्रॅक ०.५ मिमी, मधली जागा निदान ०.३, पॅड (सोल्डर करायच्या टिकल्या) मोठे. थ्रू-होल बोर्डाचं (भागांचे पाय छिद्रांतून जातात त्याचं) तांबं खालच्या बाजूला असतं, म्हणून फ्लॅटकॅममध्ये (आखणीवरून मशीनच्या चाली बनवणारा प्रोग्रॅम) गर्बर, म्हणजे तांब्याच्या आखणीची फाइल, मिरर करायचं. ड्रिलची फाइलही त्याच अक्षावर.

बोर्ड कापताना कडेला उठलेली बर (बारीक धार) आधी कानशीने घासून काढा, नाहीतर तीच बोर्ड उचलून धरते. मागे पातळ दुहेरी टेप पूर्ण पृष्ठभागावर लावा, फक्त कोपऱ्यांत नको.

मग प्रोबिंग, म्हणजे बिट तांब्याला टेकवून उंची मोजणं. बिटाला मगर क्लिपने ग्राउंड आणि तांब्याला ए५ पिन, म्हणजे शील्डवर एससीएल लिहिलेली. बिट हवेत असतानाच सुटी क्लिप तांब्याला लावून बघा: सॉफ्टवेअरला प्रोब कळला तरच झेड खाली सोडा. बीसीएनसी या प्रोग्रॅममध्ये १० मिमीच्या जाळीने उंची मोजून घेतली की बोर्डाचा उरलासुरला बाक कोरताना आपोआप धरला जातो. मात्र ही सोय फ्रेमच्या ढिलाईवर उपाय नाही. सैल फ्रेम प्रोब करताना एक उंची सांगते आणि कापताना दुसरीवर जाते.

काप ०.०७ ते ०.१ मिमी खोल, वेग मिनिटाला १०० ते २०० मिमी. मग छिद्रं ०.८ आणि १ मिमीची. शेवटी बाहेरची कड, १.६ मिमीच्या बोर्डाला दर फेरीत ०.४ किंवा ०.५. मुलांसाठी मी पेपर फिनॉलिक बोर्डच घेते. ग्लास एपॉक्सीची धूळ काचेची असते, ती फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. तो कोरायचाच असेल तर बिटाजवळ व्हॅक्यूमचं नळकांडं आणि तोंडाला चांगला मास्क. फुंकर कुणीही मारायची नाही.

काम झाल्यावर बोर्डावरून बारीक पॉलिश पेपर फिरवा, खाचांतले तांब्याचे कण टूथब्रशने झाडा आणि शेजारशेजारच्या ट्रॅकमध्ये मल्टिमीटरने शॉर्ट आहे का बघा. मग राळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याचा एक पातळ हात द्या, तोही त्याच दिवशी. उघडं तांबं पावसाळ्यात काळवंडायला लागलं की त्यावर सोल्डर नीट धरत नाही.