गावात लेकरू सांभाळायला माणूस कसं शोधायचं

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, इथं पाळणाघराचा बोर्ड कुठंच दिसणार नाही. मुलगी सात महिन्यांची झाली आणि माझी ड्युटी परत सुरू व्हायची वेळ आली तेव्हा लय धावपळ झाली, म्हणून हे लिहितेय.

आधी अंगणवाडीच्या ताईंना गाठा. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची लेकरं बसतात आणि तेही थोडेच तास, त्यापेक्षा लहान असलं तर नुसता घरी न्यायचा आहार मिळतो, त्यामुळं नोकरीवालीचं तेवढ्यावर भागत नाही. पण वजनं, लसीकरण यासाठी ताई घरोघर फिरलेल्या असतात, कुठली काकू दिवसभर घरी असते, कुणाच्या घरात दारू चालते, सगळं त्यांना माहीत असतं. केंद्राच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलंय, ६ महिने ते ६ वर्षांच्या लेकरांसाठी, आपल्या भागात आहे का तेपण विचारा. चिंचोली एमआयडीसीत कामाला जात असाल आणि कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर २०१७ पासून पाळणाघराची सोय करणं कायद्यानं कंपनीवर आहे, मागायला लाजू नका. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरं असली तर त्यांच्याजवळ एक बाई बसवायची असते, तिलाही मजुरी मिळते.

घर बघायला न सांगता जा, सकाळी अकराच्या सुमारास, घरात कामाची गडबड असते तेव्हा. पाण्याचा हौद उघडा आहे का, चूल जमिनीवर आहे का, आणि मुख्य म्हणजे फवारणीची औषधं कुठं ठेवतात ते बघा. डाळिंब, द्राक्षं असलेल्या घरात बाटल्या कोपऱ्यात नाहीतर पलंगाखाली सापडतात, आणि रांगणारं लेकरू पहिलं तिथंच जातं. जवळ शेततळं असेल तर कुंपण आहे का बघाच, त्या प्लास्टिकवरून मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही.

पैशाचं आधी बोला, नात्यातली असली तरी. माझ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "आपलंच लेकरू हाय, पैसं कशाला?" आणि मी गप्प बसले. मग ज्वारीची काढणी आली, त्यांना रोजानं जायचं होतं पण मला सांगवेना, मला त्यांचा चेहरा कळत होता पण विचारवेना, आणि त्या महिन्यात त्यांची मजुरी बुडली ती बुडलीच, मला अजून वाईट वाटतं. नंतर आम्ही बसून ठरवलं, महिन्याला इतके, दूध आणि कपडे माझे, लेकरू आजारी असेल त्या दिवशी सुट्टी मी घेणार. काढणीच्या दिवसांसाठी शेजारच्या एका आज्जींशी आधीच बोलून ठेवलं, आणि महिनाभर आधीपासून मुलीला अधूनमधून तासभर त्यांच्याकडं बसवायला लागले, म्हणजे ऐनवेळी नवीन घर बघून रडायला नको.